कार्यकारणभाव : एका मृत्युवार्तेची चिकित्सा

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, असे आपण म्हणतो तेव्हा एक मोठा निवाडा सहज करून टाकतो. दोन घटना लागोपाठ घडल्या, पण पहिलीमुळे दुसरी घडली नाही. 'नंतर' आणि 'मुळे' ह्यांत भेद आहे आणि तो ओळखता येतो, हे ह्या म्हणीने गृहीत धरले आहे. संस्कृतातला काकतालीय न्याय हेच सांगतो : कावळा ताडावर टेकला आणि त्याच क्षणी फळ पडले. ग्रीक परंपरेत ॲरिस्टॉटलने आपल्या काव्यशास्त्रात हाच भेद कथानकाच्या संदर्भात मांडला. एका घटनेनंतर दुसरी घडणे वेगळे, एकीमुळे दुसरी घडणे वेगळे, आणि चांगले कथानक दुसऱ्या प्रकारचे असते, असे त्याचे मत. मात्र त्याच ग्रंथात त्याने अर्गोस नगरातील मिटिसच्या पुतळ्याचे उदाहरणही दिले आहे. मिटिसच्या मृत्यूला जबाबदार असलेला माणूस तो पुतळा पाहत असताना पुतळा त्याच्याच अंगावर कोसळला आणि तो मेला. हा योगायोगच; पण त्यात हेतू असल्याचा भास होतो, म्हणून प्रेक्षकाला तो नुसत्या योगायोगाहून अधिक भावतो. कार्यकारणभावाची आपली भूक किती खोल आहे आणि ती आपल्याला कशी फसवू शकते, हे ह्या एका उदाहरणात सामावले आहे.

गेली कित्येक दशके साहित्यचर्चेत एक विधान सिद्ध सत्यासारखे वापरले जाते : आधुनिक भौतिकशास्त्राने, विशेषतः १९२७ साली हायझेनबर्गने, कार्यकारणभावाचा अंत केला. ह्या विधानावर पुढचे इमले उभे राहतात. घट्ट विणीचे कथानक कालबाह्य ठरते, इतिहासात कारणे शोधणे भोळेपणाचे ठरते, आणि अखेर माणसाच्या कृतीची जबाबदारी ही देखील एक कल्पित कथा ठरते. ही मृत्युवार्ता तपासून पाहावी, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. लेखाचे म्हणणे थोडक्यात असे : 'कार्यकारणभाव' ह्या एका नावाखाली अनेक कल्पनांची मोळी बांधलेली होती. तत्त्वज्ञान आणि भौतिकशास्त्र ह्यांनी ती शतकानुशतके सोडवत आणली. १९२७ साली तिच्यातली एक काडी मोडली. संपूर्ण मोळी जळाली असे समजणे हा वाचनाचा दोष आहे.

शब्दाच्या पोटात

मोळीत काय काय होते, हे भाषाच सांगते. ग्रीक 'आयतिया' ह्या शब्दाचे मूळ न्यायालयात आहे. आरोप, दोष, जबाबदारी हा त्याचा जुना अर्थ; कुणामुळे हे घडले, म्हणजे कुणाला धरायचे. निसर्गाविषयी बोलताना तत्त्वज्ञांनी तोच शब्द उचलला. आपला 'कारण' हा शब्द 'कृ' धातूपासून आला आहे. ज्याच्यामुळे काही केले जाते ते कारण, आणि जे करायचे किंवा केले जाते ते कार्य. मराठीत ह्या शब्दांनी आणखी पसारा मांडला आहे. पैसा 'सत्कारणी' लागतो तेव्हा 'कारण' म्हणजे प्रयोजन. 'राजकारण', 'अर्थकारण' ह्यांत कारण म्हणजे एक अख्खा व्यवहार. वाक्याच्या मध्ये 'कारण' येते तेव्हा ते घटनेचे कारण नसून विधानाचे समर्थनही असू शकते. घरात 'कार्य' आहे म्हणजे लग्न आहे. आणि शाळेच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात बल आणि विस्थापन ह्यांचा गुणाकार म्हणजे कार्य.

हा शब्दांचा गोंधळ नव्हे. करणारा, करण्याचा हेतू, केल्याची जबाबदारी आणि केल्याचा परिणाम ह्या चार गोष्टी एकेकाळी खरोखरच एकत्र होत्या. ॲरिस्टॉटलची चार कारणे पाहिली तरी हे ध्यानात येते. पुतळ्याचे द्रव्य, त्याचा आकार, तो घडवणारा आणि तो ज्यासाठी घडवला ते प्रयोजन, हे सारे त्याच्या लेखी कारणच होते. निसर्गाकडे तो जणू एका कारागिराच्या कार्यशाळेकडे पाहावे तसे पाहत होता.

कुंभार आणि गाढव

भारतीय दर्शनांतही चर्चा कारागिरापाशीच सुरू होते, फक्त तो शिल्पकार नसून कुंभार असतो. घट मातीत आधीच होता काय, हा सांख्य आणि न्याय-वैशेषिक ह्यांच्यातील वादाचा मुद्दा. तेल तिळांतून निघते, वाळूतून निघत नाही. म्हणजे कार्य कारणात अव्यक्त रूपाने असतेच, असा सांख्यांचा सत्कार्यवाद. तसे असेल तर कुंभाराने केले काय, मातीतच पाणी का भरू नये, असा नैयायिकांचा प्रतिप्रश्न; त्यांच्या मते घट ही नवी वस्तू असते. नागार्जुनाने दोन्ही पक्षांची गोची केली. वस्तू स्वतःपासून उपजत नाही, दुसऱ्यापासूनही नाही, दोहोंपासून नाही आणि कारणाविनाही नाही, असे दाखवून त्याने स्वयंपूर्ण अस्तित्वाच्या कल्पनेलाच हात घातला.

आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक मोलाची गोष्ट मात्र नैयायिकांच्या एका बारीक कामात आहे. सतराव्या शतकातील अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' संस्कृतच्या विद्यार्थ्यांना परिचित असतो. यशवंत वासुदेव आठल्ये ह्यांच्या टिपांसह त्याची आवृत्ती १८९७ साली मुंबईत निघाली. कार्याच्या आधी जे नियमाने असते ते कारण, ही त्यातली व्याख्या. पण नैयायिकांना लगेच अडचण जाणवली. घटाच्या आधी कुंभाराची काठी असते तसा काठीचा रंगही असतो, कुंभाराचा बापही असतो, आणि माती वाहून आणणारे गाढवही असू शकते. हे सारे कारण मानायचे काय? त्यांनी 'अन्यथासिद्ध' अशी एक कोटी निर्माण केली. ज्याच्यावाचून कार्याचा उलगडा पूर्ण होतो ते हजर असले तरी कारण नव्हे. गाढव हे अशा निरुपयोगी पूर्ववर्तींचे प्रसिद्ध उदाहरण ठरले. केवळ आधी असणे पुरत नाही. खऱ्या कारणाला सोबत्यांतून निवडून काढावे लागते, ही दृष्टी येथे स्पष्ट आहे. ह्यात पुंजभौतिकी आधीच होती असे मानण्याचे काही कारण नाही. नैयायिकांचा प्रश्न त्यांचा स्वतःचा होता आणि तो तसाच वाचला पाहिजे. पण आधुनिक चर्चा कुठे अडखळते हे समजण्यासाठी ते गाढव पुढे आपल्या उपयोगी पडणार आहे.

सवय की चौकट

कारण आणि कार्य ह्यांत अपरिहार्य बंध आहे काय, हा प्रश्न अल्-गझालीने १०९५ च्या सुमारास बगदादमध्ये तीव्रतेने उपस्थित केला. कापूस अग्नीला लागला की जळतो हे दिसते. अग्नी*मुळे* जळतो हे मात्र दिसत नाही, असा त्याचा युक्तिवाद. त्याला ईश्वराच्या इच्छेसाठी जागा मोकळी हवी होती. डेव्हिड ह्यूमला असे काही नको होते, तरी १७३९-४० च्या आपल्या ग्रंथात तो जवळपास त्याच ठिकाणी पोहोचला. बिलियर्डचा एक चेंडू दुसऱ्यावर आदळतो आणि दुसरा चालू लागतो. आपल्याला दिसतात ते दोन चेंडू, त्यांची जवळीक आणि त्यांचा क्रम. 'भाग पाडणे' कुठेच दिसत नाही. वारंवार पाहिल्याने मनाला सवय लागते आणि ती सवयच आपण वस्तूंवर लादतो.

कांटने १७८१ साली ह्याला दिलेले उत्तर साहित्याच्या अभ्यासकाने आवर्जून लक्षात ठेवावे असे आहे, कारण ते निवेदनाच्या क्रमाविषयी आहे. एखादे घर पाहताना मी छपरापासून पायापर्यंत नजर फिरवीन किंवा उलट फिरवीन; क्रम माझ्या हाती आहे. प्रवाहाबरोबर जाणारी नौका पाहताना मात्र ती आधी वर आणि मग खाली दिसणार. हा क्रम मला उलटवता येत नाही. 'काही तरी घडले' असे म्हणायला असा न उलटणारा क्रम लागतो, आणि तो नियमावाचून शक्य नाही. म्हणजे कार्यकारणभाव हा अनुभवातून काढलेला निष्कर्ष नसून अनुभव शक्य करणारी चौकट आहे. विसाव्या शतकातला सारा वाद ह्या दोन उत्तरांच्या मध्ये घडला. भौतिकशास्त्र कांटच्या चौकटीबाहेर पडले काय, हा त्याचा गाभा.

कारणाच्या जागी नियम

दरम्यान भौतिकशास्त्राने मोळीतल्या काही काड्या निमूटपणे बाजूला ठेवल्या होत्या. प्रयोजन सतराव्या शतकातच गेले. १७१३ साली 'प्रिन्सिपिया'च्या दुसऱ्या आवृत्तीत न्यूटनने गुरुत्वाकर्षणाचे कारण आपल्याला सांगता येत नाही आणि त्याविषयी आपण अटकळी बांधणार नाही, असे स्पष्ट केले. नियम हाती होता. ग्रहांची गणिते सुटत होती. 'का' ह्या प्रश्नाची जागा 'कसे आणि किती' ह्या प्रश्नाने घेतली.

लाप्लासने १८१४ साली ह्या भूमिकेला टोकाचे रूप दिले. एखाद्या बुद्धीला ह्या क्षणी विश्वातील सर्व बले आणि सर्व कणांच्या स्थिती कळल्या, आणि ती माहिती पचवण्याइतकी ती विशाल असली, तर भूत आणि भविष्य दोन्ही तिच्यापुढे उघडे राहतील. हे विधान संभाव्यतेवरील निबंधात आले आहे, हे फारसे कोणी सांगत नाही. माणसाला ती बुद्धी कधीच लाभणार नाही, म्हणूनच संभाव्यतेचे गणित लागते, असा लाप्लासचा रोख होता. पण परिणाम असा झाला की कार्यकारणभाव आणि पूर्वकथन ह्या दोन कल्पना एकमेकींना चिकटल्या. जे आधी सांगता येते तेच कारणबद्ध, असा समज रूढ झाला.

हा जोड पुंजभौतिकीच्या पुष्कळ आधी सैल होऊ लागला होता. मॅक्सवेलने १८७३ साली आणि प्वॅंकारेने १९०८ साली दाखवून दिले, की आरंभीचा अगदी सूक्ष्म फरक काही व्यवस्थांमध्ये अवाढव्य परिणाम घडवतो. शंकूच्या टोकावर उभा केलेला शंकू पडणार हे नक्की; कुठल्या बाजूला, ते सांगता येत नाही. त्याच्या पडण्याला कारण नाही असे मात्र कोणी म्हणणार नाही. कारण आहे, पूर्वकथन नाही : ही शक्यता न्यूटनच्याच विश्वात होती.

१९१२ साली बर्ट्रांड रसेलने आणखी पुढचे पाऊल टाकले. प्रगत विज्ञानात कारण हा शब्दच आढळत नाही, असे त्याने लंडनच्या ॲरिस्टॉटेलियन सोसायटीपुढे प्रतिपादन केले. एकमेकांना ओढणाऱ्या ग्रहगोलांत कोणता गोल कारण आणि कोणता कार्य? तेथे फक्त समीकरण असते, आणि ते दोन्ही दिशांनी वाचता येते. कार्यकारणाच्या तत्त्वाला त्याने ब्रिटनच्या राजघराण्याची उपमा दिली. उपद्रव नाही अशा गैरसमजुतीमुळे टिकून राहिलेला जुना अवशेष. म्हणजे कार्यकारणभावाची पहिली गाजलेली मृत्युवार्ता हायझेनबर्गच्या पंधरा वर्षे आधीची आहे, आणि ती अनिश्चिततेच्या नव्हे तर निश्चित समीकरणांच्या नावाने लिहिलेली आहे.

१९२७ आणि त्याआधीचे जर्मनी

१९२७ हे साल साहित्याच्या विद्यार्थ्याला आणखी एका कारणाने ओळखीचे असेल. त्याच वर्षी ई. एम. फॉर्स्टरचे कादंबरीवरील व्याख्यानांचे पुस्तक निघाले. त्यात राजा-राणीच्या मृत्यूचे सुप्रसिद्ध उदाहरण देऊन त्याने गोष्ट आणि कथानक ह्यांत कार्यकारणाचीच रेषा ओढली. त्याच वर्षी हायझेनबर्गने अनिश्चिततेचे तत्त्व मांडले. कणाची स्थिती आणि संवेग दोन्ही एकाच वेळी हव्या तितक्या अचूकपणे निश्चित करता येत नाहीत. त्या निबंधाच्या अखेरीस त्याने युक्तिवाद केला तो असा : वर्तमान अचूक कळले तर भविष्य मोजता येईल, ह्या विधानातला निष्कर्ष चुकीचा नाही, तर पूर्वपक्ष चुकीचा आहे, वर्तमान अचूक कळूच शकत नाही. आणि म्हणून पुंजयामिकीने कार्यकारणनियमाचे अपयश कायमचे सिद्ध केले आहे.

तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्याने येथे थांबावे. 'जर अमुक तर तमुक' ह्या विधानातला 'जर' कधीच पुरा होत नसेल, तर विधान निरुपयोगी होते. खोटे ठरत नाही. वंध्यापुत्राविषयीचे विधान कोणी खोडून काढत बसत नाही. हायझेनबर्गच्या युक्तिवादातून बाद झाली ती लाप्लासची पूर्वकथनाची आशा. त्यापलीकडची उडी तर्काने घेतलेली नव्हती. मग ती कशाच्या बळावर घेतली?

पॉल फॉर्मन ह्या अमेरिकन इतिहासकाराने १९७१ साली ह्या प्रश्नाचे खळबळजनक उत्तर दिले. पहिल्या महायुद्धातील पराभवानंतर जर्मनीत बुद्धिवाद, यांत्रिकता आणि कार्यकारणनियम ह्यांविरुद्ध तीव्र प्रतिक्रिया उमटली. ऑस्वाल्ड श्पेंग्लरच्या १९१८ साली निघालेल्या 'पश्चिमेचा ऱ्हास' ह्या ग्रंथाच्या पहिल्या खंडाने कार्यकारणनियमासमोर 'नियती' ही जिवंत कल्पना उभी केली, आणि तो ग्रंथ घरोघर वाचला गेला. फॉर्मनचे म्हणणे असे, की ह्या प्रतिकूल वातावरणाशी जुळवून घेण्यासाठी काही जर्मनभाषक भौतिकशास्त्रज्ञांनी कार्यकारणभाव सोडून देण्याची भाषा १९२५ च्या आधीच सुरू केली. पुंजयामिकीने तशी मागणी करण्यापूर्वीच. श्रोडिंगरचे १९२२ सालचे झ्युरिकमधील व्याख्यान त्याच्या बाजूने बोलते. कार्यकारणावरील श्रद्धा ही वारशाने आलेली विचारांची सवय असू शकते, असे त्यात सुचवले होते.

हा सिद्धांत मोहक आहे, आणि म्हणूनच त्याची उलटतपासणी व्हायला हवी. श्रोडिंगरने ज्या विचाराचा पाठपुरावा केला तो त्याचे व्हिएन्नातील गुरू फ्रांत्स एक्सनर ह्यांनी १९०८ सालीच, म्हणजे युद्धापूर्वी मांडला होता. किरणोत्सर्गी अणूंपैकी नेमका कोणता केव्हा फुटेल हे सांगता येत नाही, ही अडचण शतकाच्या आरंभापासून होती. आइनस्टाइनच्या १९१६ च्या उत्सर्जनसिद्धांतात प्रकाश केव्हा आणि कोणत्या दिशेने बाहेर पडेल हे यदृच्छेवर सोडले होते, आणि ही उणीव आइनस्टाइनला स्वतःलाच खुपत होती. एकेका प्रक्रियेत ऊर्जेची अक्षय्यता सोडून देणारा सर्वांत धीट सिद्धांत १९२४ साली आला तो एक डॅनिश, एक डच आणि एक अमेरिकन अशा तिघांकडून : बोर, क्रामर्स आणि स्लेटर. त्याचे खंडन झाले ते बर्लिनमध्ये. बोटे आणि गायगर ह्यांनी १९२५ साली दाखवले, की एकेका टकरीत प्रकाशकण आणि इलेक्ट्रॉन जोडीने निघतात. वातावरणाने विचारांना दिशा दिली असेल. निकाल मात्र प्रयोगशाळेत लागत होता.

एवढे मान्य करूनही फॉर्मनचा मुद्दा शिल्लक राहतोच. गणितातून निघणारे विधान 'अमुक राशी एकत्र निश्चित करता येत नाहीत' इतके मर्यादित होते. 'कार्यकारणभावाचा अंत' ही भाषा मात्र तत्कालीन वाचकाच्या कानाला सरावाची होती. विज्ञानाने संस्कृतीवर प्रभाव टाकला, असे आपण नेहमी लिहितो. येथे प्रवाह उलटही वाहिला, आणि मग साहित्यसमीक्षेने तो शब्द भौतिकशास्त्राकडून उसना घेतला, तेव्हा आपलेच जुने नाणे नव्या छापासह परत घेतले.

ग्रेटे हेरमान ह्यांचा आक्षेप

हा गुंता त्या काळात सर्वांत स्वच्छपणे सोडवला तो आपल्याकडे अल्पपरिचित असलेल्या एका विदुषीने. ग्रेटे हेरमान ह्यांचा जन्म १९०१ सालचा, ब्रेमेनचा. ग्योटिंगेन येथे थोर गणिती एमी न्योटर ह्यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी गणितात डॉक्टरेट मिळवली. पुढे लेओनार्ड नेल्सन ह्या कांटपंथी तत्त्वज्ञाच्या सहायक म्हणून काम केले. पुंजयामिकीने कांट खोटा ठरवला, हा दावा त्यांना पटेना. म्हणून १९३४ साली त्या लाइपझिगला गेल्या आणि हायझेनबर्ग व फोन व्हाइत्झेकर ह्यांच्याशी त्यांनी समोरासमोर वाद घातला. हायझेनबर्गने पुढे आपल्या आठवणींत ह्या चर्चेला एक प्रकरण दिले. १९३५ साली हेरमान ह्यांचा प्रबंध प्रसिद्ध झाला.

त्यांचा मुद्दा साधा दिसतो, पण तो कळीचा आहे : कार्यकारणभाव आणि पूर्वकथनक्षमता ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. पूर्वकथन हा कारण ओळखल्याचा पुरावा आहे. कारणाची व्याख्या नव्हे. सूक्ष्मदर्शकाखाली इलेक्ट्रॉनवर प्रकाशकण आदळतो. मापनाचा निकाल काय येईल हे आधी सांगता येत नाही. पण निकाल हाती आल्यावर, त्या विशिष्ट निरीक्षणाच्या संदर्भात, तो कोणत्या टकरीतून कसा आला ह्याची साखळी मागे जाऊन जुळवता येते. मात्र ही साखळी निरीक्षणाच्या त्या मांडणीपुरतीच खरी. तिच्याबाहेरच्या विश्वाचे एकच एक निर्विवाद चित्र मिळत नाही. हेरमान ह्यांच्या मते पुंजयामिकीने आपल्याकडून काढून घेतले ते हे चित्र, कारण नव्हे.

ह्या प्रबंधात आणखी एक गोष्ट होती. पुंजयामिकीमागे अधिक खोल, निश्चित अशी कारणे असूच शकत नाहीत, असे फोन नॉयमन ह्या श्रेष्ठ गणितज्ञाने १९३२ साली सिद्ध केल्याचे मानले जात होते. ह्या सिद्धतेत जे सिद्ध करायचे तेच एका गृहीतकाच्या रूपाने आत शिरले आहे, हे हेरमान ह्यांनी दाखवले. कोणी लक्ष दिले नाही. डेव्हिड बोमने १९५२ साली पूर्णतः नियत असा पर्यायी सिद्धांत उभा केला. जॉन बेलने तीच उणीव स्वतंत्रपणे १९६६ साली प्रसिद्ध केली. हेरमान ह्यांचे नाव पुन्हा चर्चेत यायला १९७० चे दशक उजाडले.

त्यांचे दुर्लक्षित राहणे केवळ विद्यापीठीय राजकारणाचा भाग नव्हता. नेल्सनच्या अनुयायांची समाजवादी संघटना हिटलरविरोधी भूमिगत काम करत होती आणि हेरमान तिच्यात होत्या. १९३६ साली त्यांना देश सोडावा लागला. डेन्मार्कमार्गे त्या अखेर इंग्लंडला पोहोचल्या. ह्यावरून अकारणवादी ते नाझी असा सोपा हिशेब मांडता येत नाही. नाझी भौतिकशास्त्रज्ञ नव्या भौतिकीलाच 'ज्यू' म्हणून हिणवत होते, आणि १९३७ साली एसएसच्या मुखपत्राने खुद्द हायझेनबर्गवर हल्ला चढवला होता. पण 'नियती' हा शब्द राजकारणाच्या तोंडी असलेल्या काळात कुणामुळे काय घडले हे विचारण्याचा अधिकार न सोडणे, ही गोष्ट क्षुल्लक नव्हती.

चपलांचा जोड

हेरमान ह्यांचा सारा दावा टिकला असे म्हणता येणार नाही. १९३५ सालीच आइनस्टाइन, पोडोल्स्की आणि रोझेन ह्यांनी दूरच्या दोन कणांमधील विलक्षण संबंधाकडे बोट दाखवले होते, आणि १९६४ साली बेलने त्या संबंधाचे मोजमाप कसे घ्यावे ते सांगितले. चपलांच्या एका जोडातील एकेक चप्पल दोन खोक्यांत भरून एक नागपूरला आणि दुसरी कोल्हापूरला धाडली. नागपूरचे खोके उघडून डावी निघाली की कोल्हापूरला उजवी आहे हे तत्क्षणी कळते. ह्यात चमत्कार नाही. भरणाऱ्याने जोड फोडला तेव्हाच सारे ठरले होते. भूतकाळातील समान कारण दोन्ही टोकांचा उलगडा करते. बेलने दाखवले, की काही पुंजीय जोड्यांमधील संबंध इतका घट्ट असतो की आधीच्या कोणत्याही 'भरणी'ने, म्हणजे स्थानिक समान कारणाने, तो समजावता येत नाही. १९७२ पासूनचे प्रयोग, १९८२ सालचे आस्पे ह्यांचे प्रयोग आणि २०१५ मधील पळवाटा बुजवलेले प्रयोग ह्या सर्वांनी तसेच सांगितले. २०२२ चे नोबेल पारितोषिक आस्पे, क्लॉझर आणि त्सायलिंगर ह्यांना मिळाले ते ह्याच कामासाठी.

मृत्युवार्ता अखेर खरी ठरली असे येथे वाटू शकते. पण ह्याच प्रयोगांत दुसरी एक गोष्ट तितकीच ठामपणे दिसते : ह्या संबंधाचा वापर करून नागपूरहून कोल्हापूरला प्रकाशापेक्षा वेगाने निरोप धाडता येत नाही. आइनस्टाइनच्या १९०५ च्या सापेक्षतेने घालून दिलेली मर्यादा, म्हणजे कोणताही परिणाम प्रकाशाच्या वेगापलीकडे पोहोचत नाही, मोडली गेलेली नाही. आज भौतिकशास्त्रज्ञ कार्यकारणभाव म्हणतात तेव्हा बहुधा त्यांना हेच अभिप्रेत असते. ज्या शतकात पूर्वकथन सैल झाले त्याच शतकात ही सीमा अधिक कडक झाली. २०१२ पासून तर घटनांचा कारणक्रमच अनिश्चित असू शकेल काय, ह्यावर संशोधन चालू आहे. मेलेल्या कल्पनेवर इतके श्रम कोणी घेत नाही.

पुन्हा 'कृ' धातू

रसेलचा प्रश्न मात्र उरतो. समीकरण दोन्ही दिशांनी वाचता येत असेल तर 'कारण' कशाला हवे? ह्याला गेल्या अर्धशतकात नॅन्सी कार्टराइट, जूडिया पर्ल, जेम्स वुडवर्ड अशा अभ्यासकांनी दिलेले उत्तर आपल्याला पुन्हा शब्दाच्या मुळाशी नेते. वायुभारमापकाचा काटा खाली गेला की वादळ येते. पण तोच काटा हाताने खाली ढकलला तर वादळ येत नाही. नुसता संबंध आणि कारण ह्यांतला भेद पाहून नव्हे, *करून* कळतो. गाढव बदलून पाहिले तरी घट होतो. माती बदलून पाहिली तर होत नाही. जेथे काही करता येते, काही वेगळे करता आले असते, तेथे कारण हा शब्द अपरिहार्य आहे.

ह्याचे मोल किती, हे एका सुपरिचित उदाहरणावरून दिसते. डॉल आणि हिल ह्यांनी १९५० साली धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग ह्यांचा संबंध पुढे आणला. संख्याशास्त्राचा महर्षी रोनाल्ड फिशर १९५७ नंतर ह्या निष्कर्षाविरुद्ध लिहीत राहिला. नुसता संबंध म्हणजे कारण नव्हे, धूम्रपानाची ओढ आणि रोग ह्या दोहोंमागे आनुवंशिक समान कारण असू शकेल, असा त्याचा तर्क. तो तंबाखू उत्पादकांचा सल्लागारही होता. तत्त्वतः आक्षेप बिनतोड होता, आणि वस्तुतः चुकीचा होता. कोणता धूम्रपी आजारी पडेल हे आजही आधी सांगता येत नाही. तरी धूम्रपान हे त्या रोगाचे कारण आहे. पूर्वकथन नाही म्हणून कारण नाही, असे म्हणण्याची किंमत येथे माणसांनी आपल्या जिवाने मोजली.

साहित्य आणि इतिहास ह्यांची स्थिती हेरमान ह्यांनी वर्णन केलेल्या स्थितीशी मिळतीजुळती आहे. कादंबरीचे पुढचे पान वाचकाला आधी सांगता येऊ नये, आणि ते वाचल्यावर त्याला ते अटळ वाटावे, ही आपली जुनीच अपेक्षा. इतिहासकारही पुढचे दंगे किंवा दुष्काळ वर्तवू शकत नाही. पण घडलेल्या दुष्काळामागे पाऊस किती आणि धान्याचा साठा कुणाच्या हाती होता, हे तो निवडून दाखवू शकतो आणि त्याने ते दाखवले पाहिजे. ही साखळी मांडणीसापेक्ष असते, हेही हेरमान ह्यांनीच शिकवले. दुसऱ्या प्रश्नाने पाहिले तर दुसरी साखळी दिसेल. पण सापेक्ष म्हणजे मनमानी नव्हे. मिटिसच्या पुतळ्यात हेतू पाहणारा प्रेक्षक एका टोकाला चुकतो. कोणत्याही दोन घटनांत कावळा आणि फांदीच पाहणारा दुसऱ्या टोकाला. समीक्षेचे काम ह्या दोहोंच्या मधले आहे, आणि त्या कामातून सुटका करून घेण्यासाठी भौतिकशास्त्राचा दाखला देता येत नाही.